गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह: तीन आठवड्यांच्या मोजमापाची नोंद

आईने पहिल्यांदा विचारलं, "अरे, सगळे नळ बंद असताना बादलीत पाणी कुठून पडतंय?" वर पाहिलं तर गीझरच्या थंड पाण्याच्या जोडावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह (आतला दाब फार वाढला की उघडून पाणी सोडणारी झडप) ठिबकत होता आणि खाली टाइल्सवर पांढरा ओघळ उतरला होता. म्हणजे हे बरेच दिवस चाललं असणार.

गीझर २५ लिटरचा, उभा, नऊ वर्षं जुना. आमचा तिसरा मजला, पाणी गच्चीवरच्या टाकीचं. पुण्याच्या पूर्वेकडे राहणाऱ्यांना सांगायला नको, टाकीत बोअर आणि टँकरचंच पाणी जास्त. क्षार भरपूर.

बोलावलेल्या प्लंबरने दोन मिनिटांत उपाय सांगितला: "तोंडाला बूच मारून टाकतो, गळणं बंद." मी नको म्हटलं, आणि तुम्हीही कुणाला हे करू देऊ नका. थर्मोस्टॅट आणि कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारी कळ) दोन्ही बिघडले, तर गीझरची टाकी वाचवायला हा व्हॉल्व्हच उरतो. ८ बार दाबाखाली पाणी १७० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळतच नाही. एवढं तापलेलं पाणी टाकी फोडून बाहेर आलं, तर त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते. बाथरूममध्ये आपली माणसं उभी असतात.

पाना हातात घेण्याआधी मोजायचं ठरवलं. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी गीझरच्या सुमारे १४ मीटर वर. दर १० मीटरला साधारण १ बार, म्हणजे आपल्याकडे १.४ बार. व्हॉल्व्हवर आकडा ८ बारचा, म्हणजे तेवढ्या दाबाला तो उघडतो. नुसत्या टाकीच्या दाबाने तो उघडायला नको. रात्री दहाला गीझरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडला, व्हॉल्व्हच्या नळीखाली बाटली लावली. सकाळी सहाला बाटलीत ७०० मिली पाणी! गीझर निवताना आतलं पाणी आकसतं, तेव्हा रात्रभर गळायला दुसरं कारणच नाही. व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे वॉशर टेकून पाणी अडतं ती जागा, धरत नव्हती.

दुसऱ्या शनिवारी व्हॉल्व्ह उतरवला. क्रम असा: एमसीबी बंद, गरम नळातून गार पाणी येईपर्यंत वाट, मग इनलेटचा कॉक बंद. गरम नळ उघडाच ठेवला, म्हणजे वरून हवा आत जाते, आणि व्हॉल्व्हची लहान दांडी उचलून टाकी रिकामी केली. व्हॉल्व्ह फिरवताना गीझरची निपल (टाकीतून बाहेर आलेली आट्यांची नळी) दुसऱ्या पान्याने घट्ट धरा. ती फिरली तर टाकीच्या वेल्डिंगवर ताण येतो.

आत अपेक्षेप्रमाणे क्षाराचे खडे. एक कण थेट रबराच्या वॉशरवर बसलेला. कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून व्हॉल्व्ह पाऊण तास बुडवून ठेवला. बुडबुडे थांबेपर्यंत बघत बसण्यात वेगळाच आनंद आहे. स्प्रिंगच्या स्क्रूला हात लावला नाही. तो कारखान्यात ठरवलेला असतो, घरी बसून पुन्हा जुळवता येत नाही. टेफ्लॉन टेप लावून, बाण गीझरकडे ठेवून परत बसवला.

त्या रात्री बाटली कोरडी. पण रविवारी सकाळी गीझर लावला आणि पुन्हा ठिबक सुरू!

माझी खरी अडचण इथे होती. दुरुस्ती फसली असं वाटून मी नवा व्हॉल्व्ह आणायला निघालोच होतो. मग आकडेमोड केली. २४ अंशांचं पाणी ६० पर्यंत तापलं की सुमारे १.४ टक्के फुगतं. २५ लिटरला ते ३६० मिली होतं. बाटलीत जमलं ३२०. कॉइलच्या खालचं पाणी तेवढं तापत नाही, हे धरलं तर हिशेब जुळतो. पाणी तापून गीझरचा दिवा विझताच ठिबकही थांबली.

मग आधी तापताना एवढं का गळत नव्हतं? याच व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते. माझा अंदाज असा की क्षारामुळे ती अर्धवट उघडी अडकली होती आणि फुगलेलं बरंच पाणी पाइपातून वरच्या टाकीकडे परतत होतं. साफ केल्यावर झडप नीट बसली, वाट एकच उरली. आईला कुकरच्या शिट्टीचं उदाहरण दिलं, तिला लगेच पटलं.

म्हणून गळती दिसली की कधी गळतंय ते आधी लिहून ठेवा. तापताना ठिबकून दिवा विझल्यावर थांबत असेल, तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. गार गीझरही गळत असेल, तर बैठक खराब किंवा पाण्याचा दाब जास्त. इमारतीत प्रेशर पंप असेल, तर दाब नक्की तपासा.

तिसऱ्या आठवड्यात तरीही नवा व्हॉल्व्ह बसवलाच, तोही ८ बारचाच. जुन्याच्या वॉशरवर कणाचा खोल व्रण होता, तो फार दिवस टिकला नसता. नळी आता सलग उताराने मोरीपर्यंत नेली आहे, मध्ये कॉक नाही, टोक उघडं. कालच्या नोंदी: रात्री ०, सकाळी तापताना ३३० मिली.

पुढच्या शनिवारी मॅग्नेशियमची कांडी (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली) काढून बघायची आहे. नऊ वर्षांत ती एकदाही बदललेली नाही.