पडद्याशिवाय ऐकलेले चित्रपट

‘जॉज’ या चित्रपटाच्या संगीताची रेकॉर्ड पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, आपलाच कान दगा देतोय. चित्रपट तर तोंडपाठ होता. ते दोन स्वर, त्यांचा वाढता वेग, सगळं ओळखीचं. तरीही काहीतरी निराळं होतं. मग एक प्रसंग चित्रपटात, तोच तुकडा रेकॉर्डवर, असं चार-पाच वेळा ऐकलं आणि खात्री पटली की ही वाजवणूकच वेगळी आहे. संगीतकार जॉन विल्यम्सनी १९७५ सालचा तो अल्बम घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केला होता. चित्रपटात वाजलेलं मूळ ध्वनिमुद्रण सीडीवर यायला २००० साल उजाडलं. माझ्याकडे आता दोन्ही आहेत, आणि एक असताना दुसरं कशाला, हा प्रश्न मला कधी पडलेला नाही.

चित्रपटसंगीताचे अल्बम गोळा करण्याचा नाद लागला तो इथूनच. चित्रपटाचं संगीत आणि त्याचा अल्बम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. त्यामुळे काय ठेवायचं, काय गाळायचं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. क्रमही बदलतो, पाठलागाचं संगीत शेवटाकडून उचलून पहिल्या बाजूला येतं, कारण ऐकताना ते तिथे शोभतं. मी वहीत पेन्सिलीने लिहून ठेवते, कुठला तुकडा कुठल्या प्रसंगातला. काही तुकडे कुठेच सापडत नाहीत. संकलनात तो प्रसंग कापला गेलेला असतो आणि त्याचं संगीत तेवढं मागे उरतं. असे तुकडे मला फार प्रिय आहेत.

हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवर बहुतेक गाणीच असायची, पार्श्वसंगीत क्वचित. त्यामुळे कुठे ‘टायटल म्युझिक’ एवढे दोन शब्द छापलेले दिसले तरी मी ती तबकडी खाली ठेवत नाही.

वाट पाहणं हाही या छंदाचा भाग. ‘ब्लेड रनर’ १९८२ साली आला, शेवटच्या श्रेयनामावलीत अल्बमचा उल्लेखही होता. पण त्याचा संगीतकार व्हँजेलिसचा अल्बम आला थेट १९९४ मध्ये! मधल्या काळात मिळत होती ती दुसऱ्याच वाद्यवृंदाने वाजवलेली आवृत्ती. पुष्कळजण तिला नाकं मुरडतात. मला मात्र ती आवडते. सिंथेसायझरसाठी लिहिलेल्या सुरावटी हाडामांसाची माणसं वाजवताना कशा ऐकू येतात, ते तिथे कळतं.

पण माझ्या कपाटातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे अशा संगीताची सीडी, जे चित्रपटात नाहीच. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी ॲलेक्स नॉर्थनी संगीत लिहिलं, ध्वनिमुद्रितही केलं. दिग्दर्शक कुब्रिकने मात्र शेवटी आधीपासूनच उपलब्ध असलेल्या रचना ठेवल्या, रिचर्ड श्ट्राउस, लिगेटी वगैरे संगीतकारांच्या. आपलं संगीत वगळलंय हे नॉर्थना कळलं ते १९६८ साली प्रत्यक्ष चित्रपट पाहताना. १९९१ मध्ये ते गेले. १९९३ मध्ये त्यांचे संगीतकार मित्र जेरी गोल्डस्मिथ यांनी नॅशनल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून ते पुन्हा वाजवून घेतलं, आणि नॉर्थचं स्वतःचं ध्वनिमुद्रण २००७ साली बाहेर आलं.

दोन्ही सीडी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. गोल्डस्मिथची स्वच्छ आणि भरदार. नॉर्थची ऐकताना जाणवतं की त्या खोलीत वाजवणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं, हे पडद्यावर जाणार आहे. ती मी रात्री, दिवा मालवून ऐकते. चित्रपट सुरू करून त्याच्यावर हे संगीत लावून पाहा, असं मला अनेकांनी सुचवलंय. मी अजून तसं केलेलं नाही, करणारही नाही. त्या पहिल्या तुतारीसोबत मला चित्रपटातला नव्हे, माझा स्वतःचा सूर्योदय दिसतो.