एवढंसंच?

शनिवार, रात्रीचे साडेदहा

"अगं, एवढंसंच?" माझा ऑपरेशन झालेला पाय बघून काकू म्हणाल्या आणि मोसंब्यांची पिशवी स्टुलावर ठेवली. वाईट काही बोलल्या नाहीत. तरी दुपारपासून तेच डोक्यात.

एवढंसंच. घोट्याच्या आतल्या बाजूला दोन पेरांएवढा व्रण, वर नडगीवर तांदळाच्या दाण्यांसारखे चार. अप्पांचा वीतभर होता. त्यांची नडगी सरळ उघडून धातूची पट्टी बसवलेली. पुढे कितीतरी वर्षं लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन ते आल्यागेल्याला दाखवत. माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही.

डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं होतं. मोडल्या जागी रक्त साकळतं, त्यातूनच नवं हाड धरायला लागतं, म्हणून ती जागा उघडायचीच नाही. घोट्यापाशी छोटा छेद घ्यायचा आणि परकरात नाडी ओवतात तशी पट्टी कातडीखालून वर सरकवायची. स्क्रू कुठे जातायत ते सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघायचं. नडगीच्या आतल्या अंगाला मांस नसतंच, तिथली मोठी चीर भरायला त्रास देते. आणि हे सगळं सूज उतरल्यावर. नऊ दिवस पाय उशीवर. कातडीला सुरकुत्या पडल्या तेव्हा डॉक्टर खूष. माझ्या सुरकुत्यांवर खूष झालेला पहिलाच माणूस!

पण छेद छोटा म्हणून दुखणंही छोटं, हे कुणी ठरवलं? सहा आठवडे पाऊल टेकलं नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही; तपासणीला खाली न्यायचं तर दोन माणसं आणि प्लास्टिकची खुर्ची लागते. रात्री ठणका लागला की तलावपाळीकडचे हॉर्न मोजत पडते. नीलूचा फोन नाहीच. असो.

एवढंसंच म्हणे. मग काय, चीर मोठी हवी होती का मला? स्वतःलाच विचारलं आणि हसू फुटलं. अप्पांचीच मुलगी.

संध्याकाळी काकू डबा न्यायला आल्या, तेव्हा कालचा एक्स-रे मुद्दाम ट्यूबलाइटसमोर धरला. पट्टी, स्क्रू, आणि मोडल्या जागी धुक्यासारखा पांढुरका पुंजका. तेच नवं हाड.

"अगंबाई!" काकूंनी चष्मा चढवला. बोट ठेवून ठेवून स्क्रू मोजले.

"नऊ म्हणालीस ना? आठच आहेत."

एक दुसऱ्याच्या मागे लपलाय, म्हटलं. त्यांना काही पटलेलं दिसलं नाही.