भीमगीतांवर लघुप्रबंध लिहिताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी विषयाचा फॉर्म भरताना मी ‘लोकसंस्कृती आणि भीमगीते’ असं लिहिलं. मॅडमनी लाल पेनाने ‘लोकसंस्कृती’ खोडलं. म्हणाल्या, “जात्यावरच्या ओव्यांना कवीचं नाव नसतं, या गाण्यांना आहे. वामनदादा कर्डकांना ‘लोकां’त विरघळवून टाकू नकोस.” मग मी ‘लोकप्रिय’ लिहिलं. त्याखाली त्यांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. पुढचे आठ महिने त्या प्रश्नचिन्हात गेले.

ब्रिटिश विचारवंत रेमंड विल्यम्सने 1976 च्या ‘कीवर्ड्स’ या पुस्तकात ‘पॉप्युलर’चे अर्थ सुटे करून दाखवलेत. पुष्कळांना आवडणारं, हलक्या दर्जाचं, लोकांची मर्जी मिळवायला मुद्दाम केलेलं, आणि लोकांनी स्वतःच स्वतःसाठी केलेलं. मी वहीत चार रकाने आखले. भीमगीत चारही रकान्यांत जात होतं, पेन कोणाच्या हातात आहे त्याप्रमाणे. वर्गातल्या एकाने ते बेधडक दुसऱ्या रकान्यात टाकलं, कारण काय, तर लाऊडस्पीकर. स्वतःच्या कॉलनीतल्या गणपतीचा लाऊडस्पीकर त्याला आठवला नाही.

पहिला मसुदा मी अडोर्नो या जर्मन विचारवंताच्या भरवशावर लिहिला. त्याने आणि होर्कहायमरने 1940 च्या दशकात अमेरिकेत निर्वासित असताना ‘संस्कृती उद्योग’ ही कल्पना मांडली: गाणी-सिनेमे कारखान्यातल्या मालासारखे एका साच्यातून निघतात आणि ऐकणारा निमूट होतो. कितीतरी भीमगीतं सिनेमाच्या चालींवर आहेत, त्यामुळे साचा मला आयताच सापडला. वीस पानं भराभर झाली.

दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीवर गेले आणि ती वीस पानं वाया गेली. पुस्तकं, फोटो, गाण्यांचे पेन ड्राइव्ह यांच्या स्टॉलवर एका काकांना मी विचारलं, “चाल सिनेमाची कशाला घेता?” ते हसले. “पोरी, चाल लोकांच्या तोंडात आधीच असते. आपण शब्द बसवायचे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही संध्याकाळपर्यंत गाणं पाठ.” म्हणजे ज्या साच्याने ऐकणारा निमूट होतो म्हणून मी लिहिलं होतं, त्याच साच्यावर हे लोक स्वार झाले होते. शर्मिला रेगे यांचा लावणी-पोवाड्यावरचा 2002 चा लेख मी आधी चाळलाच होता, परतल्यावर नीट वाचला. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच बाज घेऊन त्यात वेगळा आशय भरला, पुढे आंबेडकरी जलशांनीही. महाराष्ट्रात ‘लोक’ म्हणताना जात गाळली की हाती काही उरत नाही, हे त्या लेखाने माझ्या डोक्यात पक्कं केलं.

सगळ्यात जास्त छळलं इटालियन विचारवंत ग्राम्शीच्या ‘हेजिमनी’ने. मराठीत तिला ‘धुरीणत्व’ म्हणतात: वरचढ वर्गाचं म्हणणं बळजबरीशिवाय सगळ्यांना आपलंच, स्वाभाविक वाटू लागणं. व्याख्या पाठ होती, समजलं काहीच नव्हतं. दिवाळीत घरी गेले तर बाबा धुऱ्यावरून कुरकुरत होते. आमच्या यवतमाळकडे धुरा म्हणजे शेताचा बांध. शेजारी दरवर्षी नांगरताना वितभर कोरतो. भांडणाएवढं ते नसतं, म्हणून आपण बोलत नाही. चार-पाच वर्षांनी पोरंसोरं नव्या धुऱ्यालाच मूळ धुरा म्हणू लागतात. ग्राम्शी ज्याला ‘कॉमन सेन्स’ म्हणतो ते हेच, असं मी त्या रात्री वहीत लिहिलं. ‘धुरीणत्व’ या शब्दाचा आणि आमच्या धुऱ्याचा काही संबंध नाही, हे मॅडमनी समासात नोंदवलं, पण उदाहरण राहू दिलं.

संस्कृतीचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल मात्र लवकर जवळचा झाला. त्याच्या 1973 च्या मांडणीनुसार ऐकणारा संदेश जसाच्या तसा घेईल, थोडा आपल्या सोयीने वळवेल किंवा धुडकावेल. मी घेतलेल्या 22 मुलाखती या तीन खणांत टाकायला गेले तर निम्म्या लोकांचा एक पाय एकात, एक दुसऱ्यात. त्यापेक्षा त्याची ‘आर्टिक्युलेशन’ची, म्हणजे सुटू शकणाऱ्या जोडणीची, कल्पना कामाची निघाली. ट्रकचं तोंड आणि मागचा ट्रेलर जोडलेले असतात, पण कायमचे नाही. तोंड तेच ठेवून ट्रेलर बदलता येतो. मी प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घेतला. विठ्ठलाची गाणी त्याच गळ्यातली, भीमगीतंही त्याच. आमच्या घरी आषाढीला तो आवाज पहाटेपासून लागायचा. बुद्धविहारातून तोच आवाज आला की आजी खिडकी लावायची. हे प्रबंधात घालायला मला तीन आठवडे लागले. घातलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांचा पहिलाच प्रश्न: “यात साहित्यमूल्य काय?” मी विल्यम्सचे चार अर्थ सांगितले आणि विचारलं, “सर, तुम्ही कोणत्या रकान्यातून विचारताय?” आगाऊपणाच होता. मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला. सरांनी पुढची पंधरा मिनिटं फक्त शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. त्या मात्र खऱ्या होत्या.

घरी आईला मोबाइलवर आधी विठ्ठलाचं लावून दाखवलं, मग भीमगीत. ती भाजी निवडत होती. “आवाज तं तोच आहे,” म्हणाली. थोड्या वेळाने, “आजीले नको सांगू.” आणि गाणं संपेपर्यंत बंद कर म्हणाली नाही.