सुपारीची खाज आणि कालनिर्णयवरचे आकडे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर २०२५ च्या जुलैपासून प्रत्येक चौकोनात, दुधाच्या हिशोबाखाली, निळ्या पेनने एक आकडा लिहिलेला आहे. ६, ६, ५, ५, ४, मग एकदम ७. हा आकडा म्हणजे आमच्या सुपारी नावाच्या कुत्रीची त्या दिवसाची खाज. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे खाणं-झोपणं सोडून नुसतं खाजवणं. हे आकडे लिहायला लागेपर्यंत तिला नेमकं काय होतंय हे आम्हाला कळलं नव्हतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. कुणाच्या घरी असं कुत्रं असेल तर त्यांचे दोन-चार महिने तरी वाचावेत.

सुपारी गावठी आहे. २०२३ च्या पावसाळ्यात काळाचौकीला भाजीच्या गाडीखाली भिजत बसलेली मिळाली. रंग सुपारीसारखा, म्हणून नाव सुपारी. दीड वर्षाची होईपर्यंत तिला साधी सर्दीही झाली नाही. मग डिसेंबरात ती पुढचे पंजे चाटायला लागली. आधी संध्याकाळी थोडा वेळ, मग रात्रभर. पंजांवरचे पांढरे केस विटकरी झाले. सतत चाटलं की लाळेतल्या रंगद्रव्याने केसांवर असा डाग पडतो. पाठोपाठ कान हलवणं, काखेत आणि जांघेत लाली, पोटावर बारीक पुळ्या.

बिल्डिंगमध्ये ज्याने त्याने उपाय सांगितले. खोबरेल तेल, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, हळद, आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक. एकांनी स्वतःच्या गजकर्णाचं मलम आणून दिलं. ते मी दोन दिवस लावलंही, आणि तिने ते चाटूनही टाकलं. माणसांच्या त्या मलमांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि कुत्रं लावलेलं सगळं पोटात घालतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि वर प्रत्येकाचं एक वाक्य ठरलेलं: "गावठीला काही होत नाही गं, आपोआप जाईल." गावठी कुत्री काटक असतात हे खरं. पण अ‍ॅलर्जी जात विचारत नाही. लॅब्रेडॉर, पग, बुलडॉग यांच्यात ती जास्त दिसते, एवढंच.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. पाच मिनिटांत इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी खाज गायब! आम्ही इतके खूश झालो की आईने दत्ताला नारळ ठेवला. बारा दिवसांनी सगळं परत सुरू. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा दहा-बारा दिवस. असं तीन वेळा झालं. त्या काळात ती बादलीभर पाणी प्यायची, रात्री दोनदा खाली न्यावं लागायचं, आणि जेवण झाल्यावरही ओट्याशी उभी. फाइलवर औषधाचं नाव लिहिलेलं नव्हतं. ही सगळी स्टिरॉइडची लक्षणं आहेत, हे नंतर समजलं. स्टिरॉइड वाईट औषध नाही. खाज हाताबाहेर गेली तर तेच लागतं, आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायच्या नसतात. माझी तक्रार वेगळी आहे. तीन वेळा खाज दाबली गेली आणि ती कशामुळे आहे हे एकदाही कुणी पाहिलं नाही.

परळला १८८६ पासून बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज आहे. तिथे शिकलेल्या, आता स्वतःचा दवाखाना असलेल्या एका मॅडमचं नाव मैत्रिणीने दिलं. मे महिन्यात गेलो. पहिला अर्धा तास मॅडमनी सुपारीला हातसुद्धा लावला नाही, नुसते प्रश्न विचारले. खाज आधी की पुरळ आधी? कुठून सुरू झाली? कुठल्या महिन्यात जास्त? घरात आणखी कुणाला खाज आहे का? काय काय खाते, आणि कोण कोण देतं? शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, "चिकन-भात, बस." आई शेजारीच बसली होती. ती गप्प राहिली.

मग त्यांनी बारीक दातांच्या फणीने सुपारीच्या शेपटीकडची पाठ विंचरली आणि निघालेली काळी कणी ओल्या टिश्यू पेपरवर टाकली. आम्ही बघत राहिलो. मातीच्या कणासारखं दिसणारं ते काळं हळूहळू पसरलं आणि त्याच्याभोवती तांबूस वर्तुळ उमटलं. "ही पिसवांची विष्ठा. म्हणजे तिचंच पचलेलं रक्त," मॅडम म्हणाल्या. अंगावर एकही पिसू दिसत नव्हती. पण काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच अ‍ॅलर्जी असते, दोन-चार चावेसुद्धा पुरतात, आणि अशी कुत्री चाटून-चावून पिसवा गिळून टाकतात.

नंतर पात्याने कातडी हलकेच, रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत खरवडली, त्वचेतल्या किड्यांसाठी. ते निघाले नाहीत. पंजाच्या बोटांमध्ये सेलोटेप चिकटवून काढली, निळा रंग दिला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवून मला पाहायला लावलं. भुईमुगाच्या शेंगेसारखे, मध्ये चिमटलेले जांभळे ठिपके, शेकड्यांनी. हे यीस्ट, एक प्रकारची बुरशी. कानातल्या मळातही तेच. ते निरोगी कातडीवरही थोडं असतं, पण कातडी सुजली आणि दमट राहिली की बेसुमार वाढतं आणि स्वतःच खाज आणतं. सुपारीच्या पंजाला येणारा आंबूस वास त्याचाच होता. आम्ही त्याला "कुत्र्याचा वास" म्हणत होतो.

रक्त तपासून कशाची अ‍ॅलर्जी ते सांगणारं एक पॅकेज मी ऑनलाइन बघून ठेवलं होतं. मॅडमनी थांबवलं. अन्नाची अ‍ॅलर्जी रक्ताच्या तपासणीतून खात्रीने कळत नाही. धूळ-परागाच्या अ‍ॅलर्जीतही त्या तपासणीचा उपयोग पुढे लस (ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच थोडंथोडं देऊन शरीराला सवय लावणारी) बनवताना होतो, निदानासाठी नाही. निदान करायचं ते एकेक कारण बाजूला काढत: आधी पिसवा, मग यीस्ट आणि जंतू, मग अन्न. हे सगळं काढूनही खाज उरली तर ती हवेतल्या गोष्टींची.

पिसवांसाठी महिन्याला एक गोळी, सलग तीन महिने, एकही चुकवायची नाही. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा. अंडी, अळ्या आणि कोश घरात गादीत, फटीत पडलेले असतात आणि कोश आठवडेच्या आठवडे टिकतो. तिचं अंथरूण दर रविवारी गरम पाण्यात. यीस्टसाठी क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं राहायला हवा. आमच्याकडे पाणी सकाळी येतं, त्यामुळे साडेपाचला बाथरूममध्ये मोबाइलवर दहा मिनिटं लावून मी तिला धरून बसायचे. धुतल्यावर बोटांच्या मधली जागा कोरडी करायची, आणि मुंबईच्या जूनमध्ये ते आपोआप होत नाही, पंख्याखाली पंजा हातात घेऊन बसावं लागतं. तिला झोप मिळावी म्हणून ऑक्लासिटिनिबची गोळी सुरू केली होती, १४ दिवस दोनदा, मग एकदा. ती खाजेचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही, पण कारण तिथेच राहतं. जूनच्या शेवटी मॅडमनी ती बंद केली, खरा आकडा दिसावा म्हणून. वास गेला, पुळ्या गेल्या, आकडा आठवरून सहावर आला. सहा म्हणजे अजूनही रोज रात्री जाग.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, खाण्याची परीक्षा सुरू झाली. नियम एकच. तिने आजवर न खाल्लेलं एक मांस आणि एक पिष्ट, आठ आठवडे, दुसरं काहीही नाही. आईच्या माशांची डोकी तिने लहानपणापासून खाल्लेली, म्हणून मासे बाद. मटण महाग म्हणून कधी दिलं नव्हतं. ते आणि रताळं. रोज पाव किलो बिनहाडाचं मटण, नुसतं उकडलेलं, मीठ-मसाला काही नाही. ८०० रुपये किलोच्या भावाने शेवटपर्यंत १४,००० च्या आसपास गेले. प्रथिनं फोडून बनवलेलं तयार खाद्यही मिळतं. ज्यांना रोज शिजवणं जमणार नाही त्यांनी तेच घ्यावं, आणि घरचं जेवण आठ-दहा आठवड्यांपलीकडे चालवायचं तर कॅल्शियम वगैरे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

शिजवणं सोपं होतं. अवघड होती ती माणसं. घरी आल्यावर मी आईला परत विचारलं, "खरं सांग, तू काय काय देतेस?" तेव्हा यादी निघाली. सकाळी चहाबरोबर तूप लावलेली चपाती, दुपारी दही-भाताचा घास, दुधावरची साय. "अगं, एवढीशी चपाती, तिच्या दाढेला तरी लागते का?" मी म्हटलं, आई, अ‍ॅलर्जीला एवढीशीच पुरते. खाली वॉचमन काका रोज पार्ले-जीचा अर्धा पुडा द्यायचे. "ताई, बिस्किटाने काय होतंय?" म्हणाले. त्यांना नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं, कारण सुपारी पहाटे धावत जाते ती त्यांच्याकडेच. शेवटी रताळ्याच्या उकडलेल्या फोडींचा डबा रोज त्यांच्या खुर्चीपाशी ठेवायला लागले. काका एकेक फोड मोजून द्यायचे आणि संध्याकाळी डबा धुऊन परत करायचे. पिसवांची गोळीसुद्धा बदलली, तिला मांसाची चव असते म्हणून. त्याऐवजी मानेवर सोडायचे थेंब, आणि त्यांच्या आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नाही.

श्रावणाच्या आधीच्या रविवारी, २० जुलैला, अख्ख्या गल्लीत गटारीची जेवणं. फिरताना सुपारीने कचऱ्याजवळून कोंबडीचं हाड उचललं आणि मी तोंडात हात घालेपर्यंत गिळलं. मी रस्त्यातच रडले. चौदा दिवस फुकट गेले असं वाटलं. तेविसाव्या तारखेच्या चौकोनात ७ आहे, कान लालभडक. मॅडम फोनवर शांतपणे म्हणाल्या, "हाड खाल्ल्याची तारीख लिहून ठेवा, आणि त्या दिवसापासून आठ आठवडे परत मोजा. हे आपल्या उपयोगाचं आहे."

मग श्रावण लागला. आई श्रावण कडक पाळते, घरात कांदा-लसूणही बंद. मी मटण कुठे शिजवावं या विचारात होते. तिनेच गॅलरीत जुनी इंडक्शन शेगडी मांडली, एक ॲल्युमिनियमचं पातेलं वेगळं काढलं आणि महिनाभर आंघोळीच्या आधी स्वतः सुपारीचं मटण उकडून दिलं. "तिचं ते औषध आहे," एवढंच म्हणाली. गणपतीत दारावर कागद चिकटवला: सुपारीला प्रसाद देऊ नये. पाहुण्यांच्या छोट्या मुलांना आईच वाचून दाखवायची.

१४ सप्टेंबरला आकडा २. पंजांवर नवे पांढरे केस. पण एवढ्यावर निदान होत नाही, जुनं अन्न परत देऊन बघावंच लागतं, नाहीतर सुधारणा शाम्पूची की खाण्याची हे कळत नाही. खाज नसलेल्या कुत्र्याला मुद्दाम चिकन देताना माझा हात अडला. १५ तारखेला दिलं. १८ ला कान, २० ला ७. चिकन बंद, दहा दिवसांत परत ३. पुढे दही, गहू, अंडं असं एकेक दोन-दोन आठवडे देऊन पाहिलं. तिन्ही चालली. म्हणजे काकांची बिस्किटं आणि आईची चपाती निर्दोष होती, आणि ज्याला आम्ही कुत्र्याचं सगळ्यात साधं जेवण समजत होतो त्या चिकन-भातातलं चिकनच तिला सोसत नव्हतं.

खाज शून्यावर मात्र आलेली नाही. उरलेली दोन-तीन आकड्यांची खाज हवेतली, बहुधा धुळीतल्या किड्यांची, असं मॅडमचं म्हणणं. दमट हवेत ते गाद्यांमध्ये फार वाढतात. कापसाची गादी काढून धुता येईल अशी सतरंजी घातली आहे, फिरून आल्यावर पंजे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करतो, शाम्पू आठवड्यातून एकदा. येत्या पावसाळ्यात आकडा पाचच्या वर राहिला तर तपासणी करून लसीचा विचार करायचा, असं ठरलं आहे. लस महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि सगळ्यांना लागू पडत नाही, तेही त्यांनी आधीच सांगून टाकलं.

भिंतीवर आता नवं कालनिर्णय आहे. जुनं मी सुपारीच्या फाइलमध्ये घडी करून ठेवलंय. आकडा हल्ली आईच लिहिते, रात्री दूध विरजून झाल्यावर. काल २.