तृणमणी की बेकेलाइट? आजीच्या पेटीतील माळेची पारख

दारव्हा तालुक्यातील आमच्या घरी, आजीच्या माघारी तिची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा सोन्याचांदीपेक्षा अधिक वाद एका मधाळ पिवळ्या मण्यांच्या माळेवरून झाला. मोठ्या काकूंच्या मते ती तृणमण्यांची (अंबरची, म्हणजे झाडाच्या अश्मीभूत राळेची) होती, तर धाकटे काका तिला ‘जत्रेतले प्लास्टिक’ म्हणून बाजूला सारत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून पारख करण्याचे काम माझ्याकडे आले.

माळेचा दोरा जीर्ण झालेलाच होता, त्यामुळे एक मणी सोडवून घेता आला. एक लिटर पाण्यात सुमारे 350 ग्रॅम मीठ विरघळवून, छिद्रातील हवेचे बुडबुडे झटकून तो मणी त्यात सोडला. तृणमण्याची घनता 1.05 ते 1.10 असल्याने तो अशा पाण्यावर तरंगायला हवा; आमचा मणी थेट तळाशी गेला. (उलट तो तरंगला असता, तरी पॉलिस्टायरिन हे प्लास्टिकही तरंगते, म्हणून काकूंचे म्हणणे लगेच सिद्ध झाले नसते.)

तथापि, बेकेलाइट, सेल्युलॉइड आणि केसिन ही तिन्ही जुनी प्लास्टिके त्या पाण्यात बुडतात. त्यांतून निवड करण्यासाठी नाकाचाच आधार घ्यावा लागला. मणी कढत पाण्यात काही सेकंद धरून हुंगला, तेव्हा कार्बोलिक साबणासारखा उग्र वास आला. आमच्या माजघरातील दिव्याचा काळा होल्डर तापला की असाच वास येत असे, आणि तो होल्डरही बेकेलाइटचाच. बेकेलाइट 1907 मध्ये लिओ बेकलँड यांनी तयार केले. ते फिनॉल (कार्बोलिक साबणाला वास देणारे रसायन) व फॉर्मल्डिहाइडपासून बनते. मात्र होल्डरमधला माल लाकडाच्या भुशासारखे भरण घातलेला, गडद रंगाचा असतो, तर असे अर्धपारदर्शक रंगीत मणी त्याच जातीच्या, परंतु भरण न घालता ओतलेल्या राळेचे असतात. ती राळ 1920 च्या दशकाच्या अखेरीस दागिन्यांसाठी प्रचारात आली. कांड्या ओतून, कापून व कातून मणी घडवत असल्यामुळे त्यांवर साच्याची शिवण नसते. भिंगातून पाहिले तेव्हा आमच्या मण्यांवरही ती नव्हती.

पेटीतील दोन बांगड्यांना कढत पाण्यात कापराचा वास आला. त्या सेल्युलॉइडच्या, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर मिसळलेला असतो. काकांनी तापलेली सुई टोचून पाहण्याचा हट्ट धरला, त्याला मी स्पष्ट नकार दिला. सेल्युलॉइड क्षणात पेट घेते. झंपरची चार बटणे मात्र माझ्याच हातून बिघडली. जळक्या दुधाच्या वासावरून ती केसिनची, म्हणजे दुधातील प्रथिनापासून बनवलेली, असल्याचे ओळखले, पण पाण्यातून काढायची राहून गेली. केसिन पाणी शोषते, त्यामुळे सकाळी ती फुगून निस्तेज झालेली होती. त्यानंतर कोणतीही वस्तू मी दहा सेकंदांपेक्षा जास्त बुडवली नाही.

कापराच्या वासाच्या बांगड्या कागदात गुंडाळून, झाकण नसलेल्या डब्यात वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात आणि शेजारच्या धातूला गंज चढतो.

जुन्या बेकेलाइटच्या दागिन्यांनाही ग्राहक असतात, हे मी सहज बोलून गेले. तेव्हापासून त्या माळेवर धाकट्या काकांनीही हक्क सांगितला असून तिची वाटणी अद्याप झालेली नाही.