तुम्ही विचारलंत म्हणून : त्या सरड्यात काय आहे एवढं?

“काकू, तुम्ही खरंच डोरोहेडोरो बघता?” (ही एक जपानी ॲनिमेशन मालिका.) भाचा विचारतो तेव्हा त्यात कौतुक असतं. जाऊबाई विचारतात तेव्हा काळजी असते. ऑफिसात कुणी विचारलं की शेजारच्या टेबलांवरच्या माना वर होतात. लॉकडाऊनपासून मी दर वेळी वेगळं उत्तर देत आलेय. मुलगा बघायचा म्हणून बघितलं. वेळ जात नव्हता. चित्रं सुंदर आहेत. यातलं चित्रांचं तेवढं खरं आहे. गंजलेले पाइप, ओल आलेल्या भिंती, लोंबकळणाऱ्या वायरी असं शहर इतक्या मायेनं रंगवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. पण तेवढ्यासाठी कुणी बारा भाग चार वेळा बघत नाही. म्हणून आता एकदाच सांगते.

आधी रक्ताचं. मुंडकी उडतात, आतडी बाहेर येतात, हो. आपल्याकडे नरसिंहानं उंबऱ्यावर बसून हिरण्यकशिपूचं पोट फाडल्याची गोष्ट पोराला वरणभात भरवता भरवता सांगतात, तेव्हा कुणी काही विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. त्या मारामाऱ्यांत एक दांडगा विनोद आहे. माणूस कापला जातो आणि पुढच्या क्षणी कुणीतरी ग्योझा खायला बसतं. (ग्योझा म्हणजे आपली करंजीच समजा, आत कोबी आणि खिमा.)

तर तो सरडा. त्याचं नाव केमन. ‘होल’ नावाच्या बकाल शहरात राहतो. दुसऱ्या जगातले जादूगार दारं उघडून तिथं येतात आणि सराव म्हणून माणसांवर जादू करून जातात. तशाच कुणीतरी केमनचं डोकं सरड्याचं करून टाकलंय. आधीचा चेहरा त्याला आठवत नाही, आधीचं नावही नाही. पहिल्याच भागात तो एका जादूगाराचं अख्खं डोकं जबड्यात धरतो. केमनच्या घशात एक माणूस राहतो, डोळ्यांवर फुल्या असलेला. तो त्या डोक्याकडे बघून काहीतरी बोलतो. मग केमन पकड सोडतो आणि विचारतो, आतला माणूस काय म्हणाला?

उत्तर येतं, “तू तो नाहीस.”

मुलगा हसत होता, कारण प्रसंग तसा हसण्याचाच आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसला.

आता माझं. लग्नात माझं नाव बदललं. सासरचं आडनाव लागलं ते सोडा, ते सगळ्यांचंच लागतं. माझं पहिलं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं, पेढे वाटले. साल १९९४. दोन्ही नावं इथं सांगणार नाही. जुनं तीन अक्षरी होतं, नवं दोन अक्षरी आहे, एवढं पुरे.

हे वाचून कुणी माझ्यासाठी हळहळू नका. मला विचारलं होतं. तीन नावांतून मीच निवडलं. जुनं नाव मला आजीबाईंचं वाटायचं आणि नवं ऐकताना आपण सिनेमातल्या वाटायचो. सासूबाईंचंही बदललेलं, त्यांच्या सासूबाईंचंही. पुढे कितीतरी वर्षं मैत्रिणी तावातावानं बोलायच्या तेव्हा मी म्हणायचे, नावात काय ठेवलंय, घागर बदलली म्हणून पाणी बदलतं का? फार शहाणी होते मी. त्या बाईशी माझं अजून भांडण चालू आहे, आणि ती अजून अधूनमधून जिंकते.

२०१३ च्या पावसाळ्यात वडील आजारी पडले. ते प्राथमिक शिक्षक. चौथीत मी त्यांच्याच वर्गात होते. घरी मला सगळे बेबी म्हणायचे, तेही. पण वर्गात हजेरी घेताना पूर्ण नाव घ्यायचे, माझं, मग स्वतःचं, मग आडनाव. आणि मी इतर मुलांसारखं उभं राहून “हजर” म्हणायचं. एकदा “हो, बाबा” म्हणाले तर गैरहजेरी लावली होती.

दवाखान्यात त्यांना आत ठेवलेलं, आम्ही बाहेर बाकावर. तिसरा दिवस. भाऊ औषधं आणायला गेलेला. माझ्या शेजारी एक बाई होती, तिचा दीर आत होता. आम्ही दोघींनी सकाळी एका कपातला चहा वाटून घेतला होता. दुपारी सिस्टर दारात आल्या आणि त्यांनी एक नाव पुकारलं. पूर्ण, तिन्ही भाग. कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं, जरा मोठ्यानं. “कोण आहे? पेशंट मघापासून हेच नाव घेतायत.”

मी शेजारच्या बाईला म्हणाले, “बघा हो, तुम्हाला तर नाही ना बोलवत?”

मी हे वाक्य बोलले. ओळखीच्या आवाजात, मदत करण्याच्या सुरात. ती म्हणाली, नाही, माझं नाव वेगळं आहे. सिस्टर आत गेल्या. त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्याकडच्या कागदावर मुलगी म्हणून माझं नवं नाव होतं, ते मीच लिहून दिलं होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. भाऊ पिशवी घेऊन जिन्यावरून वर येताना दिसला, त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, आणि ते बटण बघताना माझ्या लक्षात आलं की मघाचं मधलं नाव बाबांचं होतं. म्हणजे पहिलं माझं. मी धावले. चप्पल बाहेर काढायची असते, तशीच आत गेले. बाबांना झोप लागली होती. सिस्टर म्हणाल्या, आता नका उठवू, फार अस्वस्थ होते, वर्ग भरलाय असं काहीतरी बोलत होते. मी कॉटच्या दांड्याला धरून हळूच “हजर” म्हणाले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, भावालाही नाही. बाबा बोलण्याइतके शुद्धीवर पुन्हा आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

मग सात वर्षांनी मुलाच्या लॅपटॉपवर एक सरडा लोकांना विचारत फिरतो, आतला माणूस काय म्हणाला. कळलं का आता?

कळलं नसेल तर तुमची चूक नाही, कारण माझं मलाच हे फार सोयीचं वाटतं. एकोणीस वर्षं न ऐकलेलं पूर्ण नाव, तीन रात्रींचं जागरण, परक्या आवाजात. नाव बदललं नसतं तरी मी कदाचित उठले नसते. बाबा बेबी म्हणाले असते तर उठले असते, आणि ते काही माझं कागदावरचं नाव नव्हतं. असं मी स्वतःला सांगते. मग रात्री वाटतं, शेजारच्या बाईला सांगायला बरी जीभ वळली.

त्या मालिकेत जादूगारांचा एक उत्सव आहे, ब्लू नाइट. त्यात जोडीदार ठरतात, आणि कराराचा कागद छातीच्या आत ठेवला जातो. पुढे एन नावाचा बडा जादूगार, माणसांच्या अळंब्या करणारा, केमनच्या मैत्रिणीला, निकाइदोला, असल्या करारात जबरदस्तीनं बांधतो. काळ फिरवणारी जादू त्याला हवी असते, ध्यासच असतो त्याला, आणि ती तिच्याकडे असते. करारानंतर ती त्याच्या शब्दाबाहेर राहत नाही. हे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा नवरा म्हणाला, “मी काय एन आहे का?” नाही हो. तुम्ही अंगठीनं तांदळात लिहीत होतात तेव्हा तुमचा हात थरथरत होता, आणि मी हसत होते.

नंतर मी मूळ मांगाही, म्हणजे जपानी चित्रकथा, मिळवून वाचली. क्यू हायाशिदा यांची, २००० ते २०१८, २३ खंड. (हेही टोपणनावच बरं का.) मला हवं होतं ते एवढंच, की केमनला त्याचा खरा चेहरा मिळावा. तो मिळत नाही. म्हणजे एक मिळत नाही. एकाच देहातून वेगवेगळी नावं, वेगवेगळी माणसं निघत जातात, आणि कुठला मूळचा, यावर बोट ठेवायला गेलं की ते घसरतं. मला राग आला. २३ खंड वाचून हे? निकाइदोला मात्र सरड्याच्या तोंडाचा, ग्योझा हादडणारा केमनच हवा असतो. तिच्यावरही राग आला, मग गेला.

जाऊबाई म्हणतात, एवढं आहे तर जुनं नाव परत लाव की, गॅझेटमध्ये देता येतं. येतं. पण मुलाच्या दाखल्यांवर आई म्हणून जे आहे ते नवं. तीस वर्षं ज्या नावानं पगार घेतला, भांडले, हाकेला ओ दिली, ते काय खोटं होतं? आणि जुन्या नावानं आता हाक मारणार कोण?

बाबा गेल्यावर शेतीच्या वारस नोंदीसाठी माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि आताचं नाव जुळेना. तेव्हा प्रतिज्ञापत्र करावं लागलं, ‘उपरोक्त दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे’. कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या टायपिस्टनं कागद पुढे केला. मी विचारलं, सही कुठल्या नावाची करू?

तो मान वर न करता म्हणाला, “दोन्ही करा.”

नवी सही झरकन झाली. जुनीला वेळ लागला. शाळेत गिरवलेल्या अक्षरात आली, वेलांटी जरा मोठी.