आत काय असेल?

दुपारी जेवण झालं की आडवं पडून मोबाइल चाळायची माझी वेळ. परवा एका लिलावाच्या यादीत पॅरिसची फुलदाणी दिसली. फर्दिनां बार्बेदिएन यांच्या कारखान्यातली, १८७०च्या आसपासची. ब्राँझची, सोन्याचा मुलामा, मधे निळा-हिरवा मिना, आणि दोन्ही बाजूंना कान म्हणून चक्क हत्तीची डोकी. विकणाऱ्यानं सगळीकडून फोटो दिले होते, अगदी बुडाचासुद्धा. आतला तेवढा नव्हता.

तिथेच माझं घोडं अडलं. उभट भांडं दिसलं की मला आत डोकावल्याशिवाय राहवत नाही. आत्याच्या शोकेसमध्ये मुरादाबादी पितळी फुलदाणी होती, लाल-हिरव्या वेलबुट्टीची. तिच्यात फूल कधी पाहिलं नाही. हात घातला की निघायचं ते असं: शिवणयंत्राच्या बॉबिनी, चिंचोके, रॉकेलची पावती, वाळलेलं नेलपॉलिश, कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली. ‘हात अडकेल हं मेल्या!’ असं आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची. अडकायचाच. मूठ उघडली तर सुटणार, पण चिंचोके सोडवत नसत.

बार्बेदिएनसाहेबांच्या फुलदाणीत चिंचोके नसणार. फुलंही क्वचितच. शेकोटीवरच्या संगमरवरी फळीवर मधे घड्याळ आणि दोन बाजूंना अशी जोडी, एवढंच त्यांचं काम. पण घडवण्याचे कष्ट बघा. नक्षीची घरं ब्राँझमध्येच खोलगट ओतून घ्यायची, त्यांत रंगीत काचेची ओली पूड, म्हणजेच मिना, भरायची आणि भट्टीत घालायचं. काच वितळली की खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. मग घासून सगळं एका पातळीत आणायचं आणि उघड्या धातूला सोनं चढवायचं. पॅरिसच्याच क्रिस्तोफ्ल या दुसऱ्या कारखान्यात चिनी पद्धतीनं धातूच्या पट्ट्या उभ्या जोडून घरं करत. त्याला बोटांत आणखी सबुरी हवी. एवढं करून बुडाशी नाव मालकाचं. पूड भरणाऱ्याचं नाही.

फ्रान्समधल्याच लिमोज गावची तऱ्हा मला सगळ्यांत आवडते. तिथे पातळ तांब्यावर मिन्यानं चित्र रंगवतात. पण काच आणि तांबं निवताना सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत. एकाच अंगाला मिना दिला तर पत्रा वाकतो, मिना तडकतो. म्हणून मागच्या अंगालाही द्यावाच लागतो, फुलदाणी असेल तर आतून. कुणी बघणार नसलं तरी. आमच्यासारख्या डोकावणाऱ्यांची सोय तेवढी झाली.

बरं, पॅरिसच्या फुलदाणीला हत्तीच्या डोक्यांची ही चिनी तऱ्हा कुठून आली? १८६०मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा (आजचं बीजिंग) चिनी बादशहाचा उन्हाळी महाल लुटला आणि इंग्रजांनी तो जाळला. फ्रेंचांच्या वाट्याचा बराच ऐवज फ्रान्सच्या सम्राज्ञी युजेनीकडे आला. तिनं १८६३मध्ये पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या राजवाड्यात त्याचं चिनी दालनच थाटलं. त्यात मिन्याची भांडी होती. असं काही समोर आल्यावर पॅरिसच्या कारागिरांना ते करून बघावंसं वाटलं नसतं तरच नवल. लिमोजची जुनी विद्या घरचीच, जपानचा मालही येऊ लागला होता, हे खरं. पण हत्तीच्या कानांना हात लावला की मला तो महाल आठवणार.

ते दालन अजून आहे. २०१५च्या मार्चमध्ये तिथे चोर शिरले आणि सात मिनिटांच्या आत पंधराएक वस्तू घेऊन पसार झाले. त्यात चिनी मिन्याचा एक पौराणिक प्राणीही होता. जगभर बातम्या आल्या, पोलिसांनी तपास सुरू केला. रीतसरच झालं सगळं. १८६०ची तक्रार मात्र कुठल्या चौकीत नोंदवायची, कोण जाणे.